रुपया कितीचा?

आमच्या देवघरात चांदीचे अकरा रुपये आहेत. वर्षभर ते लाल खारव्याच्या पिशवीत असतात. लक्ष्मीपूजनाला बाहेर येतात, चिंचेच्या कोळानं घासले जातात, मग पंचामृत, मग हळदकुंकू, आणि पाडवा झाला की पुन्हा पिशवी. आजीनं असंच केलं, आईनं असंच केलं, आणि पिशवी माझ्याकडे आल्यापासून मीही असंच करत आले. त्यातल्या एका राणीच्या नाकाजवळ कुंकवाचा थर असा काही बसला आहे की तो आता चिंचेलाही दाद देत नाही.

चांदीचे भाव भडकल्यावर घरात पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं, "त्या रुपयांचे किती येतील गं?" विकायचे नव्हते. पण प्रश्न एकदा घरात शिरला की उत्तर घेतल्याशिवाय जात नाही.

माझे मामा शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. चाळीस वर्षं नाणी जमवतात. आमचे सराफ नागपूरच्या इतवारीचे. गादीवरची ही तिसरी पिढी. मामांच्या मते सराफ म्हणजे नाण्यांचा खाटीक. सराफांच्या मते नाणी जमवणारा म्हणजे ज्याला चांदी घ्यायची ऐपत आहे, पण गाळायची हिंमत नाही असा माणूस. दोघांना वेगवेगळं विचारलं असतं तर दोन आकडे मिळाले असते आणि मी त्यातला मोठा खरा धरला असता. म्हणून एका दुपारी मामांना घेऊन थेट गादीवरच गेले. पुढचं संभाषण बरंचसं जसं झालं तसंच देते. चहा तीनदा आला, तेवढा गाळला आहे.

सराफांनी पिशवी सोडली, अकराही रुपये एकदम काट्यावर ठेवले आणि आकडा पाहून हसले.

सराफ : ताई, १२६ ग्रॅम. भरायले पाहिजे होते १२८ च्या वर. दोन ग्रॅम चांदी तुमच्या घरची चिंच खाऊन गेली.

मामा : एकट्या चिंचेवर कशाला घालता? लोकांचे हात, खिसे, कनवटी. हे रुपये बाजारात फिरलेत, म्हणून झिजलेत.

सराफ : काऊन झिजले, ते मले काय करायचं, सर? काट्यावर दिसते त्याचे पैसे. अन् रुपया हे मुळात वजनच आहे नं. एक रुपया म्हणजे एक तोळा. आमच्या आजोबांच्या गादीवर वजनं कमी पडली तर पारड्यात रुपये टाकत. ८० रुपयांचा शेर. १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग तांबं. शुद्ध चांदी निघते १०.६९ ग्रॅम. आता हिशेबाले सोपा म्हणून किलोले एक लाखाचा भाव धरा. एका रुपयात १,०६९ रुपयांची चांदी झाली. भाव दुप्पट असंल तर दुप्पट करा. झीज वजा, गाळताना जाते ती घट वजा. झाला तुमचा रुपया.

बोलता बोलता ते एकेक रुपया बोटाच्या टोकावर तोलून धरत होते आणि दुसऱ्या हाताच्या नखानं त्याच्या काठावर टिचकी मारत होते. दहांचा आवाज बारीक आणि लांब गेला, देवघरातल्या घंटीचा शेवटचा सूर रेंगाळतो तसा. अकरावा नुसताच टक् झाला.

सराफ : हा बाजूले. १९४४ चा, सहाव्या जॉर्जचा. लढाईच्या दिवसांत, १९४० पासून, सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. ह्याच्यात ५.८३ ग्रॅमच. दिसाले रुपया, मोलाले आठ आणे.

मामा : हे मात्र बरोबर.

मामांनी इतक्या लवकर काही कबूल केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण ते तेवढ्यापुरतंच.

मामा : पण बाकीच्या दहांची तुम्ही एकच रास केलीत, शेटजी. ग्रेड पाहिली का कोणाची?

सराफ : ग्रेड चायपत्तीले असते, सर.

मामांनी खिशातून पारदर्शक पाकिटातला एक रुपया काढला. १९१८ चा, पाचव्या जॉर्जचा, त्यांचा स्वतःचा. मग माझ्या पिशवीतला १९१८ चा घेतला आणि दोन्ही दाराकडच्या उजेडात तिरपे धरून हलवून दाखवले. मामांच्या रुपयावर उजेडाच्या दोन पट्ट्या चाकाच्या आऱ्यांसारख्या गोल फिरत होत्या. ठशाचा दणका बसतो तेव्हा चांदी मधून काठाकडे सरकते, त्या सरकण्याच्या केसाहून बारीक रेघा पृष्ठावर राहतात. उजेड फिरतो तो त्यांच्यावर. नाणं चार हातांतून गेलं की सगळ्यांत आधी हे चाक जातं, आणि घासलं तर एका दिवाळीत जातं. माझा रुपया जास्त चकाकत होता. पण त्यावरचा उजेड पुसलेल्या ताटावर पडतो तसा नुसता पडून होता, फिरत नव्हता.

मामा : आता झीज कुठे बघायची? जे उंच ते आधी झिजतं. मुकुटाची पट्टी, कान, मिशी, छातीवरच्या साखळीतला हत्ती. सगळं टोकदार आणि चाक जिवंत, तर अनसर्क्युलेटेड. चाक गेलं पण मुकुटातले खडे मोजता येतात, तर एक्स्ट्रा फाइन. खडे एकमेकांत मिसळले, तर व्हेरी फाइन. पट्टी सपाट, कान अर्धा, तर फाइन. त्याखाली 'गुड' म्हणून एक पायरी आहे. नावावर जाऊ नका. नाण्यांच्या जगात 'गुड' म्हणजे जवळजवळ गेलेलं.

सराफ : अन् हा ताईंचा चकचकीत?

मामा : घासलेला. घासलेलं नाणं कितीही चमकलं तरी त्याची पायरी खाली येते. त्याच्यापेक्षा काळपट पडलेलं बरं. तो काळेपणा नाण्याची कातडी असते.

सराफ : काळ्या रुपयाले जास्त पैसे अन् घासलेल्याले कमी! हे तुमी आमच्या एखाद्या गिऱ्हाइकाले सांगून पाहा. धनत्रयोदशीले सांगा.

इथे मला आजीची बाजू घ्यावीशी वाटली. तिला जर कोणी सांगितलं असतं की लक्ष्मी काळी ठेवा, तिचा भाव वाढतो, तर तिनं त्या माणसाला चहासुद्धा विचारला नसता. आमचे रुपये भावासाठी ठेवलेलेच नव्हते, आणि हे त्या दोघांपैकी एकाच्याही हिशेबात बसत नव्हतं.

सराफांनी मग खालच्या खणातून एक ओबडधोबड रुपया काढला. जाड, काठ वेडावाकडा, वर फारसी अक्षरं, तीही अर्धी नाण्याच्या बाहेर गेलेली. आणि दोन्ही बाजूंना बारीक खड्डे: चांदणी, चौकोन, ठिपका.

सराफ : भोसल्यांच्या वेळचा असंल. ह्याची ग्रेड सांगा.

मामा : आधी वाचू तर द्या. मराठ्यांच्या रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचं असे, नागपूरकरांच्याही. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून मजकूर कधीच पुरता उमटत नाही. ज्यावर टाकसाळीचं नाव आणि साल आलं, तो रुपया महाग. हे जुळवायला अंजनेरीच्या संस्थेनं १९८९ साली काढलेला माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टाकसाळींवरचा ग्रंथ लागतो, किंवा तो पाठ असलेला माणूस. ह्याच्यावर ना साल आलंय, ना गाव. आणि वरून हे टोचे. कोणीतरी छिन्नी मारून नासवलाय.

सराफ : नासवला? सर, तो सही-शिक्का आहे! रुपया आला की पोतदार त्याले पाहणार, वाजवणार, कस लावणार, अन् खरा निघाला तर आपली खूण मारणार. पुढच्या गावचा सराफ ती खूण पाहून पैसे मोजणार. जेवढ्या खुणा तेवढा रुपया भरवशाचा. ज्याच्यावर एकही खूण नाई, तो रुपया आमचे आजोबा दोनदा वाजवून पाहत. अन् तुमी म्हणता नासवला!

मामा थोडे थांबले. मग इतिहासाच्या मास्तरांना शोभेल असं त्यांनी सराफांच्याच बाजूनं बोलायला सुरुवात केली. गावोगावचे रुपये वेगळे असत, त्यांच्यातला फरक बट्ट्यानं भरून काढावा लागे. ह्या गावचा रुपया त्या गावात शंभराला अमुक कमी. आपण माणसाच्या नावाला बट्टा लागला म्हणतो, ती बोली सराफांच्या गादीवरूनच घराघरांत गेली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ साली मराठी राज्यातल्या चलनांवर आणि टाकसाळींवर निबंध वाचला, तो ह्याच गुंत्याचा. कंपनीनं १८३५ मध्ये आपल्या मुलखात एकच रुपया केला. नागपूर खालसा झालं १८५४ ला. पुढे यंत्रावर पाडलेला कलदार रुपया सगळीकडे सारखा झाला, तेव्हा बट्टा गेला आणि पोतदाराचं काम संपलं. आडनाव राहिलं.

सराफ : मंग आता तुमचे पोतदार कोण? ही ग्रेड ठरवते कोण?

मामा : आकड्यांत ठरवायची पद्धत अमेरिकेची. शेल्डन नावाच्या माणसानं १९४९ साली काढली, तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी. खराबातल्या खराबाला १, टाकसाळीतून आत्ता पडल्यासारख्याला ७०. आणि मुळात तो आकडा भावच होता. १ ला एक डॉलर, तर ७० ला सत्तर डॉलर. पुढे भाव कुठल्याकुठे गेले, आकडे राहिले. १९८० नंतर त्यावर कंपन्या निघाल्या. नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात आणि वर आकडा छापून देतात.

सराफ : म्हणजे ठसाच मारला नं! आमचे आजोबा नाण्यावर मारत, हे डबीवर मारून राह्यले.

मामा : नाणं तरी शाबूत राहतं. पण एक ध्यानात ठेव गं, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. कोणी म्हणालं, अमेरिकेला पाठवून आकडा आणतो, तर पाठवू नकोस. देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.

सराफ : अन् हा शेल्डन? मोठा विद्वान असंल.

मामांनी चष्मा काढून पुसला. हे सांगावं की नाही, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत होता.

मामा : विद्वानच. मानसशास्त्रज्ञ. पण मेल्यानंतर उघड झालं, की न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातली चांगली सेंट त्यानं उचलली होती आणि त्या जागी स्वतःकडची हलकी ठेवली होती.

सराफ इतके हसले, की शेजारच्या गादीवरचे दोघे वाकून बघायला लागले.

सराफ : मापं काढली अन् मापातच पाप केलं!

आता गादीवरचं पारडं सराफांकडे झुकलं होतं, आणि त्यांनी ते आणखी झुकवायचं ठरवलं. दुसरा चहा आला तेव्हा त्यांनी १९१८ चेच तीन रुपये लाल कापडावर मांडले. एक ताईंचा, एक माझ्या गल्ल्यातला, विकायचा आहे, आणि एक गिऱ्हाइकाचा, असं सांगून मामांकडे भिंग दिलं. मामांनी वेळ घेऊन पाहिलं. ताईंचा व्हेरी फाइन. शेटजींचा फाइन. गिऱ्हाइकाचा फाइन, जेमतेम. सराफांनी प्रत्येक रुपया काट्यावर ठेवून वजन चिठ्ठीवर टिपलं आणि विषय बदलला.

पंधरा-वीस मिनिटांनी, मामा १८६२ च्या रुपयांबद्दल बोलण्यात रंगले असताना, तेच तीन रुपये पुन्हा कापडावर आले. दुसऱ्या क्रमानं, आणि मालक बदलून. मामांनी पुन्हा भिंग लावलं. ताईंचा व्हेरी फाइन, थोडा वरच. शेटजींचा फाइन.

सराफांनी एक शब्द न बोलता तिन्ही पुन्हा काट्यावर ठेवले. मघाशी 'ताईंचा' म्हणून व्हेरी फाइन ठरलेला रुपया ११.४७ ग्रॅमचा होता. तोच आता 'शेटजींचा' होऊन फाइनवर उतरला होता. आणि मघाचा शेटजींचा ११.५४ वाला भाचीच्या नावावर आल्याबरोबर पायरी चढला होता.

सराफ : काट्याले मामा नसते, सर.

मामा : लबाडी तुम्ही केलीत आणि उघडा मी पडलो.

सराफ : विकताना एक्स्ट्रा फाइन अन् घेताना फाइन, हे मी तुमच्या नाणेवाल्यांत किती वेळा पाह्यलं. तुमी तर विकतही नव्हते. भाचीचं म्हटल्याबरोबर डोळा बदलला.

मामांनी वाद घातला नाही. इतकंच म्हणाले, की ग्रेड ठरवायला बसताना नाणं कोणाचं, कितीला पडलं, कितीला जाणार हे कानावर पडूच नये. एकाच उजेडात, एकाच भिंगानं, दोन दिवस सोडून दोनदा पाहावं आणि दोन्हींतली खालची पायरी लिहावी. हे त्यांनी आधी का केलं नाही, असं मी विचारलं नाही. त्यांचा चहा निवला होता.

पण आता त्यांची पाळी होती.

मामा : काट्याला मामा नसतो, कबूल. पण काट्याला साल वाचता येतं का? तुमचा ११.५४ वाला सगळ्यांत जड. त्याच्या काठाला ठोका बसलाय, तो काट्यानं सांगितला? आणि हे दोन १८६२ चे. तुमच्या काट्याला जुळे. पण १८६२ हे साल टाकसाळींनी १८७४ पर्यंत तसंच वापरलं. मुंबईच्या टाकसाळीनं सालाच्या खालीवर बारीक टिंबं देऊन खरं वर्ष दाखवलं. एकाला टिंब नाही, दुसऱ्याला आहेत, बघा. काही टिंबांचे रुपये पोत्यानं मिळतात, काहींसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात.

सराफ : आता टिंबंही मोजा!

मामा : मोजायचीच. आणि हा बघा. ह्याला तुम्ही भट्टीच्या राशीत टाकला होतात.

त्यांनी भिंगासकट एक रुपया सराफांच्या हातात दिला. झिजलेला, मुकुटाची पट्टी सपाट, आणि डोक्याच्या वर काठाशी एक खरबरीत गोळा, पूर्वी कधीतरी कडी झाळलेली होती त्याची खूण. आमच्या पणजीच्या गळ्यात रुपयांची माळ होती असं आई सांगायची. साल १९११.

मामा : छातीवरच्या साखळीत हत्ती दिसतो?

सराफ : (भिंग लावून बराच वेळ) हत्ती? हे तर... आखूड सोंडेचं... डुक्कर वाटते नं जी.

मामा : लोकांनाही तसंच वाटलं. राजानं अंगावर डुक्कर घातलंय म्हणून मुसलमानांत ओरड झाली. कलकत्ता आणि मुंबईच्या टाकसाळींनी मिळून ९४ लाख रुपये पाडले होते. त्यातले सात लाखांच्या आसपास लोकांच्या हातात गेले, बाकीचे सरकारनं परत घेऊन वितळवले. १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आणि कान दिले. म्हणून १९११ चा रुपया झिजलेला असला तरी चांदीच्या भावाच्या वर जातो, आणि न वापरलेला असला तर कितीतरी पट.

सराफ काही बोलले नाहीत. रुपया त्यांनी पुन्हा उजेडात धरला. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या गादीवरून असे किती भट्टीत गेले असतील, बापा."

"सरकारनं ८७ लाख गाळले," मामा म्हणाले, "तुमच्या आजोबांचं काय घेऊन बसलात."

मला वाटलं, झालं, मामा जिंकले. पण सराफ सराफच.

सराफ : थांबा नं, सर. साल १९११ आहे हे तुमी डोळ्यानं सांगितलं. रुपया खरा आहे हे कोण सांगते? महाग नाण्याचीच नक्कल होते. रामदरबार कोरलेली 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' म्हणून नाणी घेऊन महिन्यातून एक तरी माणूस येते. देवाचं नाणं, लाखाचं म्हणते. कंपनीनं तसलं नाणं कधी पाडलंच नाई. तांदूळ ओढणारं नाणं म्हणून लोकांनी शेत विकून पैसे घातले. अन् रिझर्व्ह बँकेच्या नावानं फोन करणारे वेगळेच.

फोनचं खरं आहे. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून बँकेच्या नावावर शुल्क उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला होता: अशा व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही.

सराफांनी पाण्याचा पेला काट्यावर ठेवला आणि काटा शून्यावर आणला. रुपयाला पातळ दोरा बांधला आणि तो पाण्यात असा सोडला, की पुरता बुडेल पण तळाला टेकणार नाही. काटा १.१० वर थांबला. कोरडं वजन आधीच घेतलं होतं, ११.४१. भागाकार त्यांनी तोंडीच केला. दहाच्या थोडं वर. म्हणजे रुपयाचीच चांदी. जर्मन सिल्व्हर असतं तर काटा १.३० च्या आसपास गेला असता. कसाचा दगड काढला नाही, मामा समोर बसले होते म्हणून. मामांनी तोवर सालाचे शेवटचे दोन एकडे भिंगाखाली घेतले. १९१७ चा ७ खरवडून १ करता येतो, पण खरवडलं की आजूबाजूची जमीन खालावते आणि हत्ती मात्र नव्या सोंडेचाच राहतो. इथे जमीन सपाट होती आणि हत्ती डुकराचा. कमळाखाली बारीक टिंब होतं, म्हणजे मुंबईचा.

सराफ : चांदी खरी.

मामा : साल खरं. ग्रेड फाइन. त्यातून कडी झाळल्याची खूण, म्हणजे जमवणारे अर्धे तर इथेच मागे फिरतील. आणि घासलेला.

सराफ : मंग भाव?

मामा : चांदीच्या वर. फार वर नाही.

एवढ्या मोठ्या कथेनंतर हा निकाल ऐकून मी जरा खट्टू झाले. मामांच्या ते लक्षात आलं. बाहेर पडल्यावर गांधीबागेच्या गर्दीतून चालता चालता त्यांनी मला तऱ्हाळ्याची गोष्ट सांगितली. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांची सोळाशेच्या आसपास नाणी सापडली. चांदी नव्हे, पोटीन, म्हणजे भंगारात काढली तर मूठभर पैसे. ती वाचली नागपूरच्या वा. वि. मिराशींनी. पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावं त्या कळकट तुकड्यांवर निघाली: कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. तेव्हा जमिनीत सापडलेलं धन कलेक्टरला कळवायचा १८७८ चा कायदा होता, आजही आहे, आणि मध्य प्रांतात मिळालेली कितीतरी नाणी त्याच वाटेनं आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, आली.

"त्यांची ग्रेड काय होती?" मी विचारलं.

"वाईट," मामा म्हणाले. "पण सापडली तशी एकत्र राहिली आणि कोणी घासली नाहीत."

रात्री मामांनी कागदाच्या छोट्या पाकिटावर शिसपेन्सिलीनं लिहून दिलं: '१९११. पाचवा जॉर्ज. मुंबई. फाइन. कडीची खूण, घासलेला. ११.४१ ग्रॅम.' शेवटचा आकडा सराफांचा, म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम इतवारीत जाऊन त्याखाली त्यांची सही घेतली. त्यांनी विचारलं, "विकता का?" मी नाही म्हटलं. "बरं केलं," ते म्हणाले, "विकला असता तर मी चांदीचाच भाव लावला असता."

अकराही रुपये पिशवीत परत गेले. एक पाकिटात, दहा तसेच. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू होईल, पंचामृताचं एक बोट लागेल, लगेच साध्या पाण्यानं धुऊन मऊ कापडानं टिपून ठेवीन. चिंच नाही. तुमच्याही घरी अशी पिशवी असेल, तर भाव काढायला निघण्याआधी आणि घासायला बसण्याआधी पाचव्या जॉर्जचे रुपये तेवढे वेगळे काढा, साल वाचा, आणि १९११ दिसलं तर हत्ती बघा.